पेंटरांच्या गावात पुठ्ठ्याचा पडदा

दिवाळीला आठवडा उरला की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून किंवा मंगळवार पेठेतून चालताना चपलेला लाल माती लागतेच. कुणाच्या दारात विटांचा ढीग असतो, कुणी बादलीत गोणपाट भिजत घातलेलं असतं आणि बोळाच्या तोंडाशी तीन-चार पोरं कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसलेली असतात. किल्ला चाललेला असतो. थोरला बुरूज थापतो, धाकटी वरून अळीव पेरते, कारण चार दिवसांत डोंगर हिरवा दिसायला हवा. आजोबा खुर्ची बाहेर काढून बसतात आणि दर पाच मिनिटांनी ‘तट वाकडा झालाय बघ’ म्हणून सांगतात. आई माती कालवायला परात द्यायला तयार नसते. शेवटी देतेच.

याला कुणी ‘कलाप्रकल्प’ वगैरे म्हणत नाही. पण मुलांसाठी कलाशिक्षणाचा विचार करणारी माणसं गेली काही वर्षं जे सांगत आहेत, त्याचा अर्धा भाग या बोळात आपसूक चाललेला असतो. त्यांचं म्हणणं साधं आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून काहीतरी बनवावं. विषय मुलांच्या आवडीचा, म्हणजे सिनेमातला, मालिकेतला, कार्टूनमधला घ्यावा आणि हात मात्र एखाद्या चित्रकाराकडून शिकावा, तोही शक्यतो फारसा कुणाला ठाऊक नसलेला. कोल्हापूरच्या किल्ल्यात पहिल्या दोन गोष्टी असतातच. 2008 साली ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका सुरू झाली तेव्हा लहान असलेली पोरं आता स्वतःच्या मुलांसाठी माती चाळताहेत. 2022 मध्ये ‘पावनखिंड’ आला, 2025 मध्ये ‘छावा’ आला. सिनेमा पाहून आलेल्या पोराला नुसता बुरूज पुरत नाही, त्याला खिंड हवी असते आणि खिंडीत उभा राहिलेला बाजी हवा असतो.

राहिली तिसरी गोष्ट, अनोळखी चित्रकार. त्यांची या शहराला वाण नाही. ‘कलापूर’ म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्या गावात रस्त्यांना आणि सभागृहांना त्यांची नावं आहेत, पण घरातल्या मुलाला व्हॅन गॉगच्या कानाची गोष्ट ठाऊक असते आणि आबालाल रहिमान हे नाव त्याच्या कानावरून गेलेलं नसतं. खरं तर या दोन्ही गोष्टी, लोकांना वेड लावणारा खेळ आणि घरात बसून शिकलेला हात, जिथे एकत्र आल्या ते हेच गाव.

बाबूराव पेंटर यांचं घराणं मिस्त्र्यांचं. वडील कृष्णराव हातचे कसबी, आणि घरात शाळेपेक्षा हत्यारांची ओळख आधी व्हायची. बाबूरावांचा जन्म 1890 चा. त्यांना कलाशाळेची पायरी चढायला मिळाली नाही. चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. 1910 नंतरच्या पाच-सहा वर्षांत संगीत नाटकवाल्यांना आणि गुजराती-पारशी कंपन्यांना पडदे हवे असले की ज्यांच्याकडे यावं लागे, त्यांत या भावांचं नाव वर होतं. आज ‘पॉप कल्चर’ म्हणतात ती जागा त्या काळी संगीत नाटकाची होती. नटांचे पोशाख, पदं, मिशीचं वळण, सगळ्यांची नक्कल गावोगाव व्हायची. हे भाऊ त्या वेडाच्या मागच्या बाजूला, शब्दशः पडद्यामागे, रंग कालवत होते.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला आणि भावांचं मन पडद्यावरून उडालं. चित्र हलतं हे पाहिल्यावर न हलणाऱ्या चित्रात जीव कसा रमणार! त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव 1916 साली गेले तेव्हा तो अर्धवट होता. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच चित्रपटासाठी. कोल्हापुरात आज त्या कॅमेऱ्याच्या आठवणीत स्तंभ उभा आहे. त्याच्या शेजारून रोज जाणाऱ्या कितीजणांना तो कॅमेरा दोन चुलतभावांच्या घरगुती खटाटोपातून आला हे माहीत असेल, देव जाणे.

हा इतिहास मुलांना सांगायचा कसा? सांगू नयेच. करायला द्यावा.

कोल्हापुरी चपलांचा रिकामा खोका घ्यायचा. एक लांब बाजू कापून काढली की रंगमंच तयार. पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या लावून दोन्हीकडे तीन-तीन विंगा करायच्या, पुढची जोडी लांब-लांब आणि मागची जवळजवळ. वरून झालर. शेवटी पाठीमागे कागदाचा पडदा. जुन्या नाटकांत पडदे ठरावीक असत, महाल, दरबार, रस्ता, जंगल. त्यातला एक निवडायचा. इथे घरातल्या मोठ्यांनी एकच गोष्ट दाखवायची. लांबचं झाड लहान काढायचं आणि रंगात थोडं पाणी जास्त घालायचं, म्हणजे ते फिकं दिसतं. मागे निळसर, फिकट जंगल, पुढच्या विंगांवर गडद हिरवी पानं, आणि चपलेच्या खोक्यात एकदम दोन कोस अंतर उभं राहतं. ज्या पोरीला शाळेतला ‘यथादर्शन’ हा धडा कळत नव्हता, तिला तो इथे पाच मिनिटांत कळतो.

जंगलात कोण येणार हे पोरांनी ठरवावं. ‘सैरंध्री’तला कीचक येईल किंवा आजच्या सिनेमातला कटप्पा येईल. आक्षेप घ्यायचं कारण नाही. बाबूरावांच्या प्रेक्षकांनाही गोष्ट आधी पाठच असायची, ते बघायला यायचे ती मांडणी.

हाच खोका दुसऱ्या दिवशी आणखी कामाला येतो. बाबूरावांचं मोठेपण पडदे रंगवण्यात जितकं होतं, तितकंच पडदे टाकून देण्यात. सिनेमात सपाट रंगवलेल्या पडद्यासमोर नट उभे करणं त्यांना पटेना. त्यांनी खरे, आत चालता-फिरता येईल असे देखावे उभारले. 1923 च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम दिवे लावून रात्रीचं चित्रण केलं. मुलांनी खोक्यातला पडदा काढून तिथे काड्यापेट्यांचा वाडा उभा करावा, खोलीतला दिवा बंद करावा आणि मोबाइलचा टॉर्च आधी समोरून, मग बाजूने, मग खालून मारून पाहावा. खालून उजेड पडला की पुठ्ठ्याचा साधा मावळासुद्धा कपटी दिसू लागतो. सिनेमावाल्यांचं अर्धं गुपित एवढंच.

बाबूराव चित्रीकरणाआधी प्रसंग कागदावर रेखाटून ठेवत, आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः करत. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आपल्याकडचं सर्वांत जुनं, आजवर टिकून राहिलेलं सचित्र पोस्टर मानलं जातं. त्यांच्या हाताखालून निघालेले दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी 1929 साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. पुढे दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. रंगाऱ्यांच्या अड्ड्यावर तयार झालेली ही माणसं.

पोस्टरचा विषय निघाला की जी. कांबळे यांचं नाव घ्यावंच लागतं, आणि ते नाव घेतलं की बहुतेक घरांत ‘कोण?’ असा प्रश्न येतो. गंमत अशी की त्यांचं एक चित्र त्याच घराच्या भिंतीवर असण्याची शक्यता असते. महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेलं शिवाजी महाराजांचं चित्र त्यांचं आहे. कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस मुंबईत सिनेमाची पोस्टरं आणि बॅनर रंगवत होता. शांतारामबापूंच्या चित्रपटांसाठी त्यांनी काम केलं, ‘मुघल-ए-आझम’साठीही केलं. एवढे मोठे चेहरे, तेही रस्त्याच्या पलीकडून, चालत्या बसमधून ओळखता आले पाहिजेत असे रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर तो धंदा बसला.

बॅनर रंगवणाऱ्यांची एक युक्ती घरी सहज करता येते. लहान फोटोवर पट्टीने एक-एक सेंटिमीटरच्या चौकटी आखायच्या. मोठ्या कागदावर, जुनी कॅलेंडरं उलटी चिकटवली तरी चालतील, तितक्याच चौकटी दहा-दहा सेंटिमीटरच्या आखायच्या. मग एकेका चौकटीत जेवढं दिसतं तेवढंच उतरवायचं. नाक काढतोय हे विसरायचं, चौकटीतली वाकडी रेघ काढायची. अख्खं घर वाटून घेऊ शकतं, बाबांना वरच्या दोन ओळी, ताईला डोळे. सगळे तुकडे जुळून आजीचा दोन हात उंचीचा चेहरा तयार झाला की घरात जो कल्ला होतो, तो ऐकण्यासारखा असतो. वर चित्रपटाचं नाव हवं. ते जाड, तिरक्या, सावली दिलेल्या अक्षरांत लिहायचं आणि शक्यतो नाव आजीनेच सुचवावं. ‘सासू वरचढ’ वगैरे नावांत तिचा हात कुणी धरू शकत नाही.

आता थोडं शांत पाण्याकडे.

आबालाल रहिमान यांच्या घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याचं काम चाले. अक्षरांतून चित्राकडे आलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला आणि नाव मिळण्याची सगळी चिन्हं असताना कोल्हापूरला परतला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आधार दिला. आबालाल यांचं मन मात्र दरबारापेक्षा तळ्याकाठी जास्त होतं. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ, संध्याकाळचं पाणी, झाडाखालची सावली, हेच विषय ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. 1922 साली महाराज गेले, तरी आबालाल शेवटपर्यंत, 1931 पर्यंत, रंगवत होते. फ्रान्समध्ये क्लोद मोने रूआँच्या चर्चचं एकच दर्शन वेगवेगळ्या वेळी रंगवत बसला होता, त्याच्याबद्दल जगभर पुस्तकं आहेत. रंकाळ्याच्या काठी तेच वेड घेऊन बसलेल्या माणसाबद्दल भेळ खाणाऱ्यांना काही माहीत नाही.

एखाद्या रविवारी कागद, रंग आणि पाण्याची बाटली घेऊन रंकाळ्यावर जावं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला, एकाच कट्ट्यावर बसून तेच दृश्य काढावं. संध्यामठ चालेल, शालिनी पॅलेसचा मनोरा चालेल. नुसतं तळं काढायचा मुलांना कंटाळा येतो, हे खरं. म्हणून त्यांचा लाडका कुणीतरी सोबत न्यावा. डोरेमॉनला कट्ट्यावर बसवावं. मग पंचाईत सुरू होते. टीव्हीवर डोरेमॉन एकाच निळ्या रंगाचा, सपाट. पण मावळतीचा केशरी उजेड अंगावर पडलेला डोरेमॉन कसा दिसेल? उजेडाकडची बाजू निळी राहील का? पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब किती गडद? पोरगं पहिल्यांदा आकाशाकडे, मग पाण्याकडे, मग स्वतःच्या हातावर पडलेल्या उन्हाकडे बघतं. आबालाल आयुष्यभर जे बघत होते तेच ते बघत असतं. त्याला ते सांगायची गरज नाही.

काढून झाल्यावर टाउन हॉलच्या संग्रहालयात चक्कर मारावी. तिथे आबालाल आणि त्यांच्या पिढीच्या कोल्हापुरी चित्रकारांची चित्रं आहेत. आधी स्वतः काढून मग थोरांचं पाहणं, हा क्रम महत्त्वाचा. उलट केलं तर मुलं दहा मिनिटांत बाहेरच्या बागेत पळतात.

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत आणखी एक घर आहे. मराठी पडद्यावरचे देखणे नायक चंद्रकांत मांडरे यांचं. धाकटे भाऊ सूर्यकांतही नट, आणि दोघांच्याही हातात ब्रश. चंद्रकांत चित्रकला शिकले ते बाबूराव पेंटरांकडे. त्यांनी आपला ‘निसर्ग’ बंगला आणि चित्रं शासनाला दिली आणि तिथे त्यांच्या नावाचं कलासंग्रहालय झालं. तिकडची पावडर शेडिंगची चित्रं पाहून मुलांना हमखास प्रश्न पडतो की यात रेघ कुठाय? रेघ नसतेच. काळी पूड कागदावर घासून आभाळ, धुकं, डोंगर उभे केलेले असतात. घरी पेन्सिलीला टोक करताना पडणारं शिसं चाळून घ्यावं, कापसाच्या बोळ्याने कागदावर हलकं फिरवावं आणि खोडरबराने ढग ‘काढावेत’. पुसून चित्र होतं, ही कल्पना सहा वर्षांच्या मुलाला इतकी आवडते की नंतर तो भिंतीवर प्रयोग करतो. त्याची तयारी ठेवावी.

घरच चित्रशाळा झाल्याचं उदाहरण घाटाखालीही आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची कुटुंबं चित्रकथी सांगतात. एकेका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा, त्याला पोथी म्हणतात, एकेक पान पुढे सरकवत गोष्ट गायची. जोडीला कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि पुढची पिढी त्यात उभी आहे. कोल्हापूरहून ते एका दिवसात पाहून येता येतं.

जगाने हे सगळं 2020 च्या टाळेबंदीत नव्याने शोधलं. नेदरलँड्समध्ये कुणीतरी घरातल्या वस्तू वापरून प्रसिद्ध चित्राची नक्कल करून इन्स्टाग्रामवर टाकली, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने तेच आव्हान सगळ्यांना दिलं, आणि लोक डोक्याला टॉवेल गुंडाळून, कानात लसणीची कुडी अडकवून जुन्या चित्रांतल्या बायका झाले. मजेशीरच प्रकार. पण सजीव देखावे कोल्हापूरला नवे नाहीत. गणेशोत्सवात मंडपात तासन्‌तास न हलता उभं राहणारी, प्रसंग करून दाखवणारी माणसं या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. घरगुती गणपतीच्या आराशीतही 2018 च्या बंदीनंतर थर्माकोल गेलं आणि पुठ्ठा, कापड, जुन्या साड्या परत आल्या. ही बंदी काहींच्या जिवावर आली, पण पुठ्ठा कापायला घरातल्या चार जणांना एकत्र बसावं लागतं, एवढा फायदा नक्की झाला.

मोठ्यांचा एक खोडसाळपणा मात्र सांगितलाच पाहिजे. मुलाचा हात थरथरायला लागला की ‘दे इकडे’ म्हणून कात्री ओढून घेतली जाते आणि रात्री अकराला बाबा एकटेच किल्ल्याचा दरवाजा नीट करत बसलेले दिसतात. शाळेच्या ‘प्रोजेक्ट’चं तर बोलायलाच नको. स्टेशनरीच्या दुकानात छापील चित्रं, तयार किल्ले, सगळं मिळतं. बाजारातला रंगवलेला साच्यातला किल्ला आणून दारात ठेवला की तास वाचतो. त्या तासाचं नंतर काय होतं, हे एकदा प्रामाणिकपणे पाहायला हरकत नाही. बहुधा तो मोबाइलमध्ये जातो.

वाकड्या तटाची भीती वाटत असेल तर पन्हाळ्यावर जाऊन यावं. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यांत तो आहे. मुलांनी वही घेऊन अंधारबाव पाहावी, अंबरखान्याच्या कमानी मोजाव्यात, तीन दरवाजाचं कोरीवकाम बोटाने चाचपावं. तटबंदी कुठेच पट्टीने आखल्यासारखी सरळ नाही, डोंगर वळेल तशी वळते. आजोबांना हे दाखवायला सोबत न्यावं.

तुळशीचं लग्न झालं की दारातला किल्ला मोडतात. विटा परसात जातात, माती कुंड्यांत, मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. पावसाने धुतलेल्या त्या कोपऱ्यात अळिवाचे दोन-चार कोंब बरेच दिवस टिकून असतात. आणि पलंगाखाली, चपलेच्या खोक्यात, निळसर जंगलाच्या पडद्यासमोर कटप्पा एका पायावर उभा असतो. दुसरा पाय डिंक वाळायच्या आत कुणीतरी हलवल्यामुळे तुटलेला.